ड्युटी बदलताना एक वाक्य सांगायचं राहून गेलं तर? नागपूरच्या ‘ईशान’आधी समजून घ्यायची गोष्ट

भारतावरून उंचावरून उडणारी विमानं उद्या एकाच शहरात बसून सांभाळायची आणि ते शहर नागपूर असेल, अशी योजना आहे. प्रकल्पाचं नाव ‘ईशान’. एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाने, म्हणजे एएआयने, २०२४ मध्ये त्यासाठी पहिली पावलं टाकली. सध्या देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेलं आहे, शिवाय गुवाहाटीचा एक उपविभाग. एकूण क्षेत्र २८ लाख चौरस सागरी मैलांहून जास्त. यातला वरचा थर एकत्र करून नागपूरहून चालवायचा, असा विचार आहे.

नागपूरकरांना यात नवल वाटणार नाही. झिरो माइलचा दगड आपल्याकडेच आहे, आणि मुंबई-कोलकाता, दिल्ली-हैदराबाद, दिल्ली-चेन्नई हे सगळे रस्ते डोक्यावरूनच जातात. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हाही दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, पोती अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची.

टपालाची पोती एका विमानातून दुसऱ्यात टाकणं सोपं होतं. पोतं दिसतं, मोजता येतं. एका माणसाच्या डोक्यातलं आकाश दुसऱ्याच्या डोक्यात टाकणं तितकं सोपं नाही. आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये हे काम दिवसातून कितीतरी वेळा करावं लागतं.

खुर्ची बदलते म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं, तीन शिफ्ट आहेत म्हणजे दिवसातून तीनदा माणसं बदलत असतील. तसं नसतं. कंट्रोलरचं काम इतकं डोकं खाणारं असतं, की सलग दोन तासांनंतर त्याला साधारण अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम डीजीसीएने घालून दिलेला आहे. नियम योग्यच आहे. पण आता गणित करा. दर दोन तासांनी एक माणूस उठणार आणि दुसरा बसणार, म्हणजे एका खुर्चीवर २४ तासांत किमान १२ वेळा ताबा बदलणार. खोलीत अशा ३० खुर्च्या असतील, तर दिवसाला ३६० वेळा. शिफ्ट संपली नाही तरी हँडिंग-टेकिंग चालूच.

आणि या प्रत्येक वेळी विमानं थांबत नाहीत. बँकेत कॅशियर बदलताना काउंटर दोन मिनिटं बंद ठेवता येतो. इथे नवा माणूस हेडफोन लावेपर्यंत विमानं वीस-तीस किलोमीटर पुढे गेलेली असतात.

कंट्रोलर मंडळी एक शब्द वापरतात, ‘पिक्चर’. स्क्रीनवर ठिपके सगळ्यांनाच दिसतात. पण कोणता ठिपका पुढच्या चार मिनिटांत कुठे असेल, कुणाला काय कबूल केलंय, कोणता पायलट पुन्हा विचारणार आहे, शेजारच्या सेंटरला फोनवर काय सांगून ठेवलंय, हे सगळं मिळून पिक्चर तयार होतं. ते स्क्रीनवर नसतं, डोक्यात असतं. उठून जाणाऱ्याला ते पूर्ण माहीत असतं आणि नेमकी तिथेच अडचण होते. त्याला जे अगदी उघड वाटतं, ते सांगायला तो विसरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मे महिन्याची संध्याकाळ आहे आणि विदर्भावर वळवाचे ढग चढलेत. मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान ३७ हजार फुटांवर आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांवर उडायचं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर, असा साधारण नियम असतो. विमानाला हादरे बसताहेत म्हणून पायलट खाली यायला मागतो. कंट्रोलर त्याला थोड्या वेळासाठी ३६ हजारांवर येऊ देतो, कारण समोरून कुणी येत नाहीये. तेवढ्यात रिलीव्हर येतो. हवामान, बंद असलेले मार्ग, विमानांची यादी, सगळं सांगून होतं. “तो कोलकातावाला ३६ वर आहे, समोरून कुणी आलं तर आधी त्याला वर घे,” हे वाक्य तेवढं राहतं. दहा मिनिटांनी कोलकात्याहून मुंबईकडे निघालेलं विमान त्याच मार्गावर ३६ हजार फुटांवर येतं. समोरासमोरची दोन जेट विमानं मिनिटाला साधारण ३० किलोमीटरने एकमेकांच्या जवळ येतात.

अशा वेळी स्क्रीनवर धोक्याचा इशारा वाजतो आणि विमानांमधली टीकॅस यंत्रणा एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगते. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले, त्यानंतर भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली. (त्या अपघाताचं कारण वेगळं होतं. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं.) म्हणजे वरच्या उदाहरणातली विमानं बहुधा वाचतील. पण ती वाचतील शेवटच्या जाळीमुळे. आधीच्या सगळ्या जाळ्यांतून चूक गळून गेलेली असेल.

झाग्रेब, १९७६: रिलीव्हर उशिरा आला

जाळी नव्हती तेव्हा काय व्हायचं, याचं सगळ्यात भयानक उदाहरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं आहे. १० सप्टेंबर १९७६. ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडेंट विमान लंडनहून इस्तंबूलला निघालं होतं, ३३ हजार फुटांवर. दुसरीकडे इनेक्स-आड्रिया कंपनीचं डीसी-९ स्प्लिटहून कलोनकडे चाललं होतं. त्यात बहुतेक सुट्टीवरून घरी परतणारे जर्मन पर्यटक होते. ते ३५ हजार फुटांकडे चढत होतं.

झाग्रेब सेंटरमध्ये वरच्या थराच्या टेबलावर दोन माणसं असायला हवी होती. तिथे सकाळी ताबा बदलायची वेळ झाली होती. दोघांपैकी एकाचा रिलीव्हर आलाच नव्हता. तो उशीर करतोय म्हणून हा त्याला शोधायला उठून गेला. मागे उरला ग्रादिमिर तासिच, वय २८. रडार त्याच्याकडे, रेडिओ त्याच्याकडे आणि शेजारच्या सेंटरचे फोनही त्याच्याकडे. त्या वेळी तो अकरा विमानं हाताळत होता.

डीसी-९ मधल्या थरातून वरच्या थरात आलं, पण दोन टेबलांमध्ये त्याबद्दल धड बोलणं झालंच नाही. विमानाने तासिचला पहिली हाक दिली तेव्हा टकरीला काही सेकंदच उरले होते. धोका लक्षात आल्यावर तो गडबडून इंग्रजीऐवजी मातृभाषेत बोलला. ट्रायडेंटच्या ब्रिटिश पायलटांना त्यातलं काही कळणं शक्यच नव्हतं. डीसी-९ च्या पायलटने ऐकलं आणि चढणं थांबवलं. विमान ३३ हजार फुटांवर स्थिर झालं. म्हणजे ट्रायडेंटच्याच उंचीवर. सांगितलं नसतं तर ते कदाचित वरून निघूनही गेलं असतं.

१७६ जण गेले. दोन्ही विमानांतलं कुणीही वाचलं नाही.

पुढे खटला झाला. झाग्रेबच्या न्यायालयात आठ जण उभे होते, शिक्षा एकालाच झाली. तासिचला सात वर्षं. जो जागेवर बसून काम करत होता, तो तुरुंगात गेला. जगभरच्या कंट्रोलरांनी त्याच्यासाठी मोहीम चालवली. मग शिक्षा कमी झाली आणि १९७८ च्या अखेरीस तो सुटला.

हा खटला आजही कंट्रोलरांच्या प्रशिक्षणात येतो, आणि माझ्या मते अपघातापेक्षा तोच जास्त शिकवणारा आहे. खुर्ची रिकामी असताना काम चालू ठेवायचं ही तिथली रीत होती. मधल्या थराने हातवाऱ्यांवर भागवणं हीही रीत होती. रीतीवर खटला भरता येत नाही, म्हणून माणसावर भरला गेला.

सव्वीस वर्षांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीत युबर्लिंगनच्या आकाशात ७१ जण गेले. त्यात बहुसंख्य रशियातली शाळकरी मुलं होती. हे आकाश स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सेंटरकडे होतं. रात्री एकाने आराम करायचा आणि दुसऱ्याने दोन टेबलं सांभाळायची, ही तिथली चालत आलेली पद्धत. त्या रात्री यंत्रणेची दुरुस्तीही चालू होती. त्यामुळे नेमकं काय काय बंद राहणार, हे ड्युटीवर आलेल्यांपर्यंत नीट पोहोचलं नव्हतं. ताबा मिळाला, माहिती मिळाली नाही.

आपल्याकडचं बेंगळुरू

आता भारतात या. ७ जानेवारी २०२२, बेंगळुरू विमानतळ, सकाळची वेळ. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत. सकाळी उत्तरेची उड्डाणासाठी आणि दक्षिणेची उतरण्यासाठी चालू होती. मग शिफ्टच्या प्रमुखाने ठरवलं की आता एकाच, म्हणजे उत्तरेच्या धावपट्टीवर दोन्ही कामं करायची. निर्णय झाला, पण दक्षिण धावपट्टी बघणाऱ्या कंट्रोलरला तो सांगितला गेला नाही.

त्याने इंडिगोच्या कोलकाता विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. त्याच सुमारास उत्तरेच्या कंट्रोलरने इंडिगोच्याच भुवनेश्वर विमानाला दिली. दोन्ही एकाच दिशेने उडाली आणि हवेत एकमेकांकडे सरकू लागली. एका विमानात १८२ माणसं होती आणि दुसऱ्यात २४४, कर्मचारी धरून. एकूण ४२६. रडारवर बसलेल्या तिसऱ्या कंट्रोलरने हे पाहिलं आणि दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. जमिनीपासून इतक्या कमी उंचीवर टीकॅस ‘वर जा, खाली जा’ असे आदेश देत नाही, म्हणून या माणसाचं बघणं फार मोलाचं ठरलं.

हा शुद्ध ड्युटी-बदलाचा प्रसंग नव्हता, बदल धावपट्टीच्या वापरात झाला होता. पण रोग तोच आहे. निर्णय एका डोक्यात बदलला, दुसऱ्या डोक्यात जुनंच चित्र राहिलं. दोघेही आपापल्या चित्राप्रमाणे अगदी बरोबर वागत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. बातम्यांप्रमाणे हा प्रकार तेव्हा कुठल्याच लॉगबुकात नोंदला गेला नव्हता आणि एएआयने तो डीजीसीएला कळवलाही नव्हता. काही दिवसांनी बाहेर आला, मग चौकशी लागली. टक्कर टळली हे नशीब. पण नोंद टळली, त्याचं काय?

नोंद का होत नाही?

याचं उत्तर मुंबईत सापडतं. ८ जून २०२४ ला मुंबईच्या धावपट्टीवर इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकत होतं आणि त्याच वेळी पुढे एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमचं विमान जमीन सोडत होतं. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. संतापाच्या रील्स झाल्या आणि संबंधित कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केल्याची बातमी आली. कंट्रोलरांच्या संघटनेचं म्हणणं होतं की स्वच्छ हवेत, गर्दीच्या धावपट्टीवर अंतर कमी ठेवायला नियमांत जागा आहे.

चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला ठेवणं चूक नाही. हादरलेल्या माणसाला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवणं उलट धोक्याचं असतं. पण आपल्याकडे बातमी तिथेच संपते. ‘कंट्रोलर निलंबित’ हे वाचलं की आपण पुढे स्क्रोल करतो. त्या खुर्चीवर ताबा कधी बदलला होता, त्याचा हा सलग कितवा तास होता, त्याला काय सांगितलं गेलं आणि काय नाही, हे कुणी विचारत नाही. आणि प्रत्येक नोंदीचा शेवट निलंबनात होतो हे एकदा खोलीत सगळ्यांना कळलं, की टळलेल्या टकरीची नोंद कुणी स्वतःहून करणार नाही. अशा टळलेल्या प्रसंगांतूनच तर दुरुस्ती करायची असते.

दुरुस्तीचे उपाय साधे आहेत, इतके साधे की त्यांची बातमी होत नाही. अमेरिकेत ताबा देताना छापील यादी समोर ठेवून बोलायचं असतं आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं. ब्रिटनमध्ये कंट्रोलर ‘प्रॉन्स’ हा शब्द पाठ करतात. प्रॉन्स म्हणजे कोळंबी. हवेचा दाब, कोण काय बघतंय, हवामान, नेहमीपेक्षा वेगळं काय चाललंय, स्ट्रिप्स, अशा गोष्टींची आद्याक्षरं जोडून तो केलाय. मालवणात हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण थकलेल्या मेंदूला पहाटे चार वाजता कोळंबी बरोबर आठवते.

सगळ्यात महत्त्वाचा उपाय म्हणजे मागची खुर्ची. ताबा दिल्यावर लगेच चहाला जायचं नाही. काही मिनिटं नव्याच्या मागे थांबून बघायचं. ताबा घेतल्यानंतरच्या सुरुवातीच्या मिनिटांत चुकांचं प्रमाण जास्त असतं, असं अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. त्या वेळी जुनं डोकं जवळ असलेलं बरं. याचा उलटा फायदाही होतो. दोन तास तेच बघून ज्याची नजर बोथट झालीय, त्याची चूक नव्या माणसाला चटकन दिसते. ताबा-बदल हा धोका आहे, तसा तो फुकटचा तपासनीसही आहे.

पण मागच्या खुर्चीत बसवायला माणूस शिल्लक पाहिजे. रिलीव्हर मुळात पंधरा मिनिटं उशिरा येणार असेल किंवा एकच माणूस दोन टेबलं बघत असेल, तर मागे कोण थांबणार? संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मधल्या हवाई सुरक्षेवरच्या अहवालात कंट्रोलरांची कमतरता आणि त्यांचा थकवा यावर बोट ठेवलं ते याचसाठी. कागदावर कामाच्या तासांचा नियम आहे, पण माणसं कमी पडली की नियमात सवलती मागितल्या जातात.

मग नागपूरचं काय?

नागपुरात एरिया कंट्रोल सेंटर आहेच. विमानतळ कोणतीही कंपनी चालवो, एटीसी एएआयकडेच राहतं. गोंदियाजवळ बिरसीला एएआयची प्रशिक्षण संस्थाही आहे. त्यामुळे ‘ईशान’ इथे येण्यात काही वावगं नाही. उलट वरचं आकाश एका हाती आलं, तर एका सेंटरने विमान दुसऱ्या सेंटरकडे सोपवण्याचे प्रसंग कमी होतील. आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या विमानाचा ताबा वाटेत वेगवेगळ्या सेंटरांमध्ये बदलतो, प्रत्येक वेळी समन्वय लागतो. ते सांधे कमी झाले तर चांगलंच.

पण खुर्च्यांचे सांधे तिथेच राहतील. फक्त आता ते सगळे एकाच इमारतीत असतील. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश पाठवणारी एक यंत्रणा बंद पडली, तर फ्लाइट प्लॅन हाताने भरावे लागले आणि शेकडो उड्डाणं रखडली. अशा दिवशी ताबा बदलताना सांगायच्या गोष्टी दुप्पट होतात आणि सांगायला वेळ निम्मा मिळतो.

शिवाय कंट्रोलर हा कुठेही नेऊन बसवता येणारा माणूस नाही. त्याचं रेटिंग त्या-त्या जागेपुरतं असतं. मुंबईत वीस वर्षं काढलेल्या अधिकाऱ्यालाही नागपूरच्या खुर्चीवर एकटं बसण्याआधी तिथलं आकाश शिकून, परीक्षा देऊन पास व्हावं लागतं. आणि तो इकडे शिकत असेल तेवढे महिने मुंबईची खुर्चीही कुणीतरी सांभाळायला हवी. म्हणजे आज जिथे माणसं कमी आहेत, तिथे मधल्या काळात काही जागांसाठी दुप्पट लागणार. इमारत, रडार, सॉफ्टवेअर यांच्या बातम्या येत राहतील. तुम्ही नागपूरचे असाल तर तुमच्या खासदाराला यातलं एक विचारा: किती कंट्रोलर, कधीपासून आणि ते सध्या जिथे आहेत तिथे त्यांच्या जागी कोण?

जगात अशी सेंटरं हलवताना ‘शॅडो मोड’ वापरतात. जुनं केंद्र विमानं चालवत राहतं आणि नव्या खोलीत तीच विमानं, तेच रेडिओवरचं बोलणं समोर ठेवून नवी माणसं नुसती बघत बसतात, बोलत नाहीत. मग एका रात्री, कमीत कमी वाहतुकीच्या तासाला, बोलणं इकडे येतं आणि जुनं केंद्र मागच्या खुर्चीत जातं. तिथे मात्र ते काही मिनिटं थांबत नाही. काही आठवडे थांबतं.